विद्यापीठांतील इंग्रजी विभाग : तेथें काय शिकवितात व त्यापासून काय निष्पन्न झालें



गेल्या वर्षीं बारावीचा निकाल लागल्यावर डोंगरापलीकडील एका गुड्यावरून एक कोलाम शेतकरी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. त्या गुड्यावर बारावी उत्तीर्ण झालेली ही पहिलीच मुलगी. शाळेच्या व्हरांड्यांत बसल्यावर खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर ठेवीत त्यांनीं मला विचारलें, "गुरुजी, पोरगी म्हणते, मी इंग्रजीच घेतो अन् मोठ्या कालेजांत जातो. इंग्रजी बोलाले शिकाले पांच वर्सं कायले पायजेत?" मीं हंसून कांहींतरी उत्तर दिलें. तेव्हां त्यांनीं मुलीकडे न पाहतां दुसरा प्रश्न केला, "अन् ते शिकून घरीं आली, तं मायसंगं कोणत्या भाषेंत बोलन?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणें सोपें होतें. दुसऱ्याचें उत्तर मला तेथल्या तेथें सुचलें नाहीं. "विचार करून सांगतों," असें मीं त्यांना म्हटलें. हा लेख म्हणजे तो विचारच आहे. असेच प्रश्न आणखीही पालकांच्या मनांत असतील, म्हणून तो ह्या अंकांत देत आहें.

प्रथम 'विभाग' ह्या शब्दाचा अर्थ लक्षांत घेऊं. विद्यापीठ म्हणजे केवळ मोठें कॉलेज नव्हे. अभ्यासक्रम ठरविणें, परीक्षा घेणें, पदव्या देणें आणि नवें ज्ञान मिळविणें हीं त्याचीं कामें होत. पदवीपर्यंतचें शिक्षण बहुधा त्याच्याशीं संलग्न असलेल्या महाविद्यालयांतून मिळतें. विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारांत एकेका विषयाचा जो अध्यापकवर्ग पदव्युत्तर विद्यार्थ्यांस शिकवितो आणि त्यांच्याकडून संशोधन करवून घेतो, त्यास त्या विषयाचा विभाग म्हणतात. आपला चंद्रपूर जिल्हा आणि शेजारचा गडचिरोली जिल्हा हे पूर्वीं नागपूर विद्यापीठाच्या कक्षेंत होते. तें विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजीं स्थापन झालें. पुढें २७ सप्टेंबर २०११ रोजीं ह्या दोन वनप्रधान जिल्ह्यांसाठीं गोंडवाना विद्यापीठ निर्माण झालें व त्याचें ठाणें गडचिरोली येथें ठरलें. तेथें इतर विषयांबरोबर इंग्रजीचाही पदव्युत्तर विभाग आहे. जिवतीहून गडचांदूर, राजुरा, चंद्रपूर आणि मूल ह्या मार्गानें गेल्यास तेथें पोहोंचतां येतें. आमच्या पिढीला विद्यापीठ पाहावयाचें तर नागपूर गांठावें लागे. आतां तें आपल्याच मुलखांत आलें आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

आतां पांच वर्षांचा हिशेब. बी. ए. च्या वर्गांत इंग्रजी दोन रीतींनीं शिकतां येते. एक सर्वांना घ्यावी लागणारी इंग्रजी. तिचा हेतु वाचणें, लिहिणें व बोलणें एवढाच. दुसरी आपल्या आवडीनें घ्यावयाची इंग्रजी. तींत साहित्याचा अभ्यास असतो. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडतां येतें, अथवा चौथें वर्ष पुरें करून ऑनर्सची पदवी घेतां येते. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम्. ए. दोन वर्षांचें असतें, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचें. कोणत्याही वाटेनें गेलें तरी बेरीज पांच वर्षेंच होते. एम्. ए. च्या वर्गांत आतां केवळ नेमलेलीं पुस्तकें नसतात. संशोधनाची पद्धत, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि एक लहानसा संशोधन-प्रकल्प हींही त्यांत येतात. त्यानंतर ज्यास इच्छा व धीर असेल त्यानें पीएच्. डी. करावी. तींत एकच प्रश्न घेऊन, मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं कित्येक वर्षें त्याचा शोध घ्यावा लागतो, प्रबंध लिहावा लागतो आणि परीक्षकांसमोर बसून त्याचें समर्थन करावें लागतें.

पण ह्या पांच वर्षांत शिकवितात तरी काय? इंग्रजी बोलावयास शिकणें हें तर त्याचें निव्वळ पहिलें पाऊल. शेतकऱ्याच्या मुलास नांगर धरतां येतो, म्हणून त्याला शेतकीशास्त्र येतें असें आपण म्हणत नाहीं. तें येण्यास मातीचा गुण, बियांची जात, किडीची ओळख हें सर्व शिकावें लागतें. भाषेचेंही तसेंच आहे. इंग्रजी विभागांत मुख्यत्वें चार गोष्टी शिकवितात : साहित्य, भाषेचें शास्त्र, समीक्षा म्हणजे वाचलेल्याची पारख, आणि भाषांतर व अध्यापन.

साहित्याचा इतिहास शिकतांना विद्यार्थ्यास एक नवलाची गोष्ट कळते. आज जिच्यापुढें सारें जग हात जोडतें ती इंग्रजी एके काळीं स्वतःच्याच देशांत गांवढळांची भाषा होती. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतर सुमारें तीन शतकें राजदरबारांत फ्रेंच व धर्मकार्यांत लॅटिन चाले. इंग्रजी बोलत ते शेतकरी, गुराखी आणि मजूर. ह्याची खूण त्या भाषेच्या शब्दांत अद्यापि शिल्लक आहे. रानांत मेंढी चारणारा तिला 'शीप' म्हणे. हा मूळ इंग्रजी शब्द. परंतु तीच मेंढी शिजून धन्याच्या ताटांत आली कीं तिचें नांव 'मटन' होई, आणि हा शब्द फ्रेंच! आपण बाजारांत जें मटण मागतों त्यामागें राबणारा कोण आणि खाणारा कोण ह्याचा केवढा इतिहास दडला आहे पाहा. न्यायालयांत इंग्रजींत बोलण्याची मोकळीक देणारा कायदा १३६२ सालीं झाला. कारण लोकांना फ्रेंच समजतच नव्हती. गंमत अशी कीं तो कायदाही फ्रेंचमध्येंच लिहिला होता. त्याच शतकाच्या अखेरीस चॉसर नांवाच्या कवीनें यात्रेकरूंच्या कथा लोकांच्या इंग्रजींत रचल्या, आणि त्या भाषेला प्रतिष्ठा आली. आपल्याकडे ज्ञानेश्वरमहाराजांनीं १२९० सालीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला, तो ह्याच्या सुमारें शंभर वर्षें अगोदर. कोणतीही भाषा जन्मतः थोर नसते व जन्मतः हलकीही नसते, हा धडा इंग्रजीच्या इतिहासांत जितका स्पष्ट आहे तितका क्वचितच अन्यत्र सांपडेल.

भाषाशास्त्राचें एक उदाहरण देतों. मराठींत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. "आम्ही बाजारांत जातों" म्हटलें तर ऐकणारा घरीं राहतो. "आपण बाजारांत जाऊं" म्हटलें तर तो बरोबर येतो. इंग्रजींत ह्या दोहोंना 'वी' हा एकच शब्द. ऐकणारा त्यांत धरला आहे कीं नाहीं हें त्या शब्दावरून समजत नाहीं. उलट आपल्या सीमेपलीकडची तेलुगु पाहा. तींत 'मेमु' म्हणजे आम्ही आणि 'मनमु' म्हणजे आपण, असा अगदीं मराठीसारखा भेद आहे. वास्तविक तेलुगु, गोंडी व कोलामी ह्या द्राविडी कुळांतील भाषा, आणि मराठी संस्कृताच्या कुळांतील. मग हें साम्य कोठून आलें? शेंकडों वर्षें शेजारीं राहिल्यानें भिन्न कुळांतील भाषाही एकमेकींचे गुण उचलतात, हें एमेनो ह्या अमेरिकेंतील भाषापंडितानें १९५६ सालीं भारताच्या भाषांवरून विस्तारानें दाखवून दिलें. ह्याच एमेनोनें १९५५ सालीं कोलामी भाषेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वर्धा भागांतील कोलाम लोकांकडून ऐकून, शब्द न् शब्द टिपून त्यानें तो सिद्ध केला होता. आपल्या गुड्यावर आजी चुलीपाशीं जें बोलते तें व्याकरणबद्ध, नियमांनीं बांधलेलें आहे, हें दाखविण्यासाठीं एक परदेशीय मनुष्य सातां समुद्रांपलीकडून आला. आणि आपण मात्र तिला 'बोली' म्हणून बाजूस सारतों.

जिवतीच्या मुलांना ह्या शास्त्रांत इतरांपेक्षां मोठा लाभ आहे. आपल्या तालुक्यांत मराठी, गोंडी, कोलामी, बंजारी व तेलुगु ह्या भाषा एकाच आठवडी बाजारांत ऐकूं येतात. महाराष्ट्र व तेलंगण ह्या दोन राज्यांच्या दाव्यांत सांपडलेल्या चौदा गांवांत तर मराठी शाळाही आहे आणि तेलुगु शाळाही. पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्यास भाषाशास्त्राचा अभ्यास करण्यास ज्या गोष्टी पुस्तकांत शोधाव्या लागतात, त्या आपल्या मुलांच्या कानांवर पाळण्यांतच पडलेल्या असतात.

आतां हा विषय विद्यापीठांत कसा आला तें थोडक्यांत पाहूं. पुष्कळांचा समज असा, कीं ऑक्सफर्ड व केंब्रिज येथें इंग्रजी पूर्वापार शिकवीत आणि तेथून ती इकडे आली. वस्तुस्थिति बरीचशी उलट आहे. तेथें लॅटिन व ग्रीक ह्यांचाच मान होता. आपल्या घरची भाषा विद्यापीठांत शिकण्याजोगी आहे असें कोणास वाटत नसे. वक्तृत्व व ललित वाङ्मय ह्यांचें राजमान्य अध्यासन प्रथम स्कॉटलंडांत, एडिंबरो येथें, १७६२ सालीं निघालें, व तेथें ह्यू ब्लेअर हे अध्यापक झाले. लंडनच्या नव्या विद्यालयांत इंग्रजीचा प्राध्यापक १८२८ सालीं नेमला गेला. ऑक्सफर्ड येथें इंग्रजीची स्वतंत्र ऑनर्स शाखा १८९४ सालीं, आणि केंब्रिज येथें तर १९१७ सालीं सुरू झाली. भारतांत मात्र १८३५ च्या सरकारी ठरावानें इंग्रजी शिक्षणाचा पाया घातला गेला होता, १८५४ च्या खलित्यानें विद्यापीठांची योजना झाली होती, आणि १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें तीं स्थापन झालीं होतीं. मुंबई विद्यापीठाची पदवीपरीक्षा १८६२ सालीं चौघांनीं प्रथम उत्तीर्ण केली. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. म्हणजे ऑक्सफर्डास इंग्रजीची शाखा निघण्यापूर्वीं एक पिढीभर आपल्याकडील विद्यार्थी इंग्रजी काव्यनाटकांच्या परीक्षा देत होते! राज्यकर्त्यांचा हेतु कारकून मिळविण्याचा होता, हें खरें. परंतु पेरणाऱ्याच्या मनांत एक असतें आणि शेतांत उगवतें दुसरेंच, असें विद्येच्या बाबतींत वारंवार घडतें.

आपल्या विदर्भांत ह्या विद्येचा आरंभ स्टीफन हिस्लॉप ह्या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेशीं जोडलेला आहे. ते १८४४ सालीं हिंदुस्थानांत आले व नागपुरास राहिले. त्यांच्या नांवानें चालणारें हिस्लॉप कॉलेज १८८३ सालीं निघालें. त्या वेळीं नागपुरास विद्यापीठ नसल्यानें तेथील विद्यार्थी प्रथम दूरच्या कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षेस बसत. परंतु हिस्लॉप ह्यांचें मला अधिक महत्त्वाचें वाटणारें काम निराळेंच आहे. शाळेंत ते इंग्रजी शिकवीत, आणि फिरतीवर असतां गोंड लोकांजवळ बसून त्यांचे शब्द व त्यांच्या गीतकथा उतरून घेत. १८६३ सालीं टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत त्यांचा अंत झाला. त्यांचीं टिपणें सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८६६ सालीं छापून काढलीं. त्यांत गोंडांचा आद्यपुरुष लिंगो ह्याची दीर्घ गीतकथा मूळ गोंडींत व इंग्रजी अर्थासह आलेली आहे. इंग्रजी शिकविणारा मनुष्य गोंडीचा विद्यार्थी झाला, हा पायंडा आपल्या मुलखांत असा प्रारंभींच पडलेला आहे. पुढें तो आपणच विसरलों.

आतां ह्या विभागांपासून निष्पन्न काय झालें? इमारती व पदव्यांची संख्या हें खरें माप नव्हे. तेथें शिकलेल्यांनीं व शिकविणाऱ्यांनीं आपल्या लोकांना काय दिलें, हें पाहिलें पाहिजे. नागपुरास इंग्रजीच्या प्राध्यापिका असलेल्या कुसुमावती देशपांडे ह्या मराठी कथाकार व समीक्षक म्हणून नांवाजल्या. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा त्यांचा अभ्यास आजही आधाराला घेतात. १९६१ सालीं ग्वाल्हेर येथें भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री होत. गोविंद विनायक, म्हणजेच विंदा, करंदीकर हे आयुष्यभर इंग्रजीचे अध्यापक. त्यांनीं शेक्सपियरचा 'राजा लिअर' मराठींत आणला, ॲरिस्टॉटलचें काव्यशास्त्र मराठींत आणलें, आणि २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविला तो मात्र आपल्या मराठी लेखनासाठीं. धारवाडच्या कॉलेजांत इंग्रजी शिकविणारे जी. ए. कुलकर्णी मराठी कथेचे श्रेष्ठ लेखक ठरले. 'कोसला' ही कादंबरी १९६३ सालीं लिहिणारे आणि २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारे भालचंद्र नेमाडे ह्यांनींही निरनिराळ्या विद्यापीठांत इंग्रजी आणि तौलनिक साहित्य शिकविलें. ह्या चौघांकडे पाहून असें दिसतें, कीं ज्यानें परकी भाषा खोल शिकली त्याला आपली भाषा नव्या डोळ्यांनीं दिसूं लागली. वरवर शिकणाराच आपली भाषा टाकतो.

ह्याहूनही आपल्याला जवळचें उदाहरण गणेश देवी ह्यांचें. त्यांचा जन्म १९५० सालीं भोर येथें झाला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत त्यांनीं इंग्रजीचा अभ्यास केला व वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले. १९९६ सालीं ती प्रतिष्ठेची नोकरी सोडून ते आदिवासींच्या भाषांच्या कामास लागले. गुजरातमधील तेजगढ येथें आदिवासी अकादमी उभी राहिली. पूर्वीं ग्रिअर्सन ह्यांनीं सरकारतर्फें केलेल्या भाषापाहणींत, जी १९२८ सालीं पुरी झाली, १७९ भाषा व ५४४ बोली नोंदलेल्या होत्या. देवी ह्यांनीं २०१० पासून सरकारच्या मदतीवांचून, लोकांच्या साहाय्यानें, भारतीय भाषांचें नवें सर्वेक्षण हातीं घेतलें, आणि त्यांत ७८० भाषा आढळल्या. एका इंग्रजीच्या प्राध्यापकानें आयुष्याचीं एवढीं वर्षें ज्यांना लिपीही नाहीं अशा भाषांसाठीं वेंचावीं, ही मला इंग्रजी विभागाची फार मोठी कामगिरी वाटते.

विषयाची दुसरी बाजू लपविणें शिक्षकाला शोभणार नाहीं. इंग्रजी घेऊन एम्. ए. झालेले कित्येक तरुण मूळ पुस्तक न उघडतां बाजारांतील गाईडांवर परीक्षा देतात. त्यांना कवींचीं नांवें पाठ असतात, पण एक अर्ज नीट लिहितां येत नाहीं. दुसरा दोष असा, कीं इंग्लंडांतील फुलपांखरांवरील कविता शिकतांना विद्यार्थी स्वतःच्या रानाकडे पाहावयाचें विसरतो. ह्या दोषाचा विचार अन्य देशांतही झाला आहे. आफ्रिकेंतील केनिया देशांत, नैरोबी येथील विद्यापीठांत, १९६८ सालीं न्गूगी वा थिओंगो ह्या लेखकानें दोन सहकाऱ्यांसह असें सुचविलें, कीं इंग्रजी विभाग बंद करावा आणि आफ्रिकेचें साहित्य, त्यांतही लोकांच्या तोंडीं असलेलें साहित्य, मध्यभागीं ठेवून नवा साहित्यविभाग काढावा. त्या वादानंतर अनेक ठिकाणचे अभ्यासक्रम बदलले. भारतांतील विद्यापीठांतूनही आतां भारतीय लेखकांचें इंग्रजी लेखन, आफ्रिकेचें साहित्य, आणि मराठीसारख्या भाषांतून इंग्रजींत गेलेलें दलित व आदिवासी साहित्य शिकवितात. न्गूगी हे पुढें आपल्या गिकुयू ह्या मातृभाषेंतच कादंबऱ्या लिहूं लागले. २०२५ सालीं ते निवर्तले. त्यांनीं इंग्रजीचा द्वेष केला नाहीं, तिची जागा मात्र बदलली.

पोटापाण्याचा विचारही केला पाहिजे, कारण पालकांना तो करावाच लागतो. बी. ए. नंतर बी. एड्. केल्यास माध्यमिक शाळेंत, व एम्. ए. नंतर बी. एड्. केल्यास कनिष्ठ महाविद्यालयांत शिक्षक होण्याची पात्रता येते. वरिष्ठ महाविद्यालयासाठीं एम्. ए. ला सर्वसाधारणपणें शेंकडा ५५ गुण, आणि नेट किंवा सेट ही परीक्षा उत्तीर्ण होणें अथवा पीएच्. डी. असणें लागतें, अनुसूचित जातिजमातींस व इतर मागासवर्गांस गुणांत सवलत आहे. ह्याशिवाय भाषांतर, वृत्तपत्रें, न्यायालयें, बँका, आणि स्पर्धापरीक्षा ह्यांत इंग्रजी उपयोगी पडते. परंतु पात्रता आली म्हणजे जागा मिळालीच असें नव्हे. जागा थोड्या आणि उमेदवार फार, ही स्थिति आहे. केवळ नोकरीच्या आशेनें हा विषय घेऊं नये. ज्याला वाचनाची भूक आहे त्यानेंच तो घ्यावा, व घेतल्यावर मात्र नेटानें पुरा करावा.

आतां त्या गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतों. त्याचें उत्तर देतांना मला माझीच एक चूक आधीं सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका गांवीं, मी पांचवीला इंग्रजी शिकवीत होतों. एक लहान मुलगा इंग्रजी शब्दाचा अर्थ शेजारच्या मुलास आपल्या भाषेंत विचारीत होता. मीं त्याला उभा केला आणि सर्वांदेखत म्हटलें, "वर्गांत ही भाषा चालणार नाहीं." मला तें शिस्तीचें वाटलें. तो मुलगा त्या दिवसापासून वर्गांत बोलेनासा झाला. इंग्रजी तर नाहींच, मराठींतही नाहीं. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आलाच नाहीं. मी त्याच्या घरीं गेलों तेव्हां तो गुरें घेऊन रानांत गेला होता. त्याच्या आईनें मला पाणी दिलें, आणि ती जें बोलली त्यांतील एक अक्षरही मला समजलें नाहीं. मी बी. ए. ला इंग्रजी घेतलेला पदवीधर, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या आईचें बोलणें समजण्याची विद्या माझ्यापाशीं नव्हती! तो तर शब्दाचा अर्थ एका भाषेंतून दुसरींत नेत होता. म्हणजे विद्यापीठाचे विभाग जें काम मोठ्या सन्मानानें शिकवितात तेंच तो दहाव्या वर्षीं करीत होता. मीं तेंच थांबविलें.

तेव्हां माझें उत्तर असें आहे. मुलीची भाषा विद्यापीठांतील विभाग हिरावून घेत नाहीं. ती हिरावली जाते त्याच्या फार आधीं, लहानपणीं, आम्हां शिक्षकांच्या हातून, आणि कधीं कधीं आईबापांच्या हातूनही. "आपलं बोलणं लोकांत बोलूं नको" असें आपण मुलांस सांगतों, आणि मग मोठेपणीं तीं आपल्याशीं बोलत नाहींत म्हणून दुःख करतों. २०११ च्या खानेसुमारींत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारें २९ लक्ष ८४ हजार लोक होते, आणि कोलामी सांगणारे अवघे १ लक्ष २८ हजार. इतक्या थोड्या लोकांच्या भाषेला एक शिकलेली मुलगी दुरावली तर मोठी हानि आहे. आणि तीच मुलगी इंग्रजीबरोबर आपल्या भाषेचें शास्त्र शिकून परत आली, तर तितकाच मोठा लाभ आहे. एमेनो समुद्रापलीकडून आला, हिस्लॉप स्कॉटलंडांतून आले. ह्या मुलीला तर फक्त आपल्या अंगणांत यावयाचें आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांस आजपासूनच करतां येईल असें एक काम सांगतों. एक वही घ्या. घरच्या वडीलधाऱ्यांकडून एक गोष्ट ऐका, आणि ती ज्या भाषेंत ऐकली त्याच भाषेंत, देवनागरी अक्षरांनीं, जशीच्या तशी लिहा. नंतर तीच मराठींत लिहा. मग कोशाच्या साहाय्यानें, चुकतमाकत का होईना, इंग्रजींत लिहा. कोठें शब्द अडतो, कोणता शब्द दुसऱ्या भाषेंत जातच नाहीं, तें समासांत टिपून ठेवा. एका वर्षांत अशा दहा गोष्टी झाल्या तर तुमचें इंग्रजी सुधारेल, मराठी सुधारेल, आणि दहा गोष्टी मरावयाच्या वांचतील. वह्या मला दाखवा. कोलामी व गोंडी वह्या मला वाचतां येतीलच असें नाहीं. तेव्हां त्या तुम्हीच मला समजावून सांगावयाच्या आहेत.

ती मुलगी सध्यां बी. ए. च्या वर्गांत आहे; तिनें इंग्रजी साहित्य घेतलें आहे. गेल्या पोळ्याला ती घरीं आली होती. तिचे वडील मला बाजारांत भेटले. मीं विचारलें, "काय, पोरगी कोणत्या भाषेंत बोलते?" ते म्हणाले, "मायसंगं आपलीच बोलते, गुरुजी. पण आतां ते मायले विचारते, हा शब्द असाच कां म्हणतेत. अन् लिहून घेते." मग जरा थांबून म्हणाले, "तिची माय आतां आमाले बी विचारते."